डिझेलच्या काट्याची जबानी

शेवगाव तालुक्यास लोहमार्गाचा स्पर्श अद्याप झालेला नाही. भेंड्याच्या ज्ञानेश्वर कारखान्याकडे, बोधेगावच्या केदारेश्वराकडे अथवा शेजारच्या पाथर्डी तालुक्यातील आदिनाथनगरच्या वृद्धेश्वराकडे जाणारा ऊस असो, बाजारपेठेतून बाहेर पडणाऱ्या कापसाच्या गाठी असोत, किंवा पावसाने पाठ फिरविलेल्या वर्षी वाड्यावस्त्यांवर पोहोचवावयाचे पाणी असो, या मुलखाचा सारा भार रबरी चाकांवरच वाहिला जातो; आणि त्या चाकांपैकी पुष्कळशी अशा ट्रकांखाली फिरत असतात, की ज्यांचे तारुण्य दुसऱ्याच कोणा मालकाच्या पदरी, दुसऱ्याच कोणत्या तरी जिल्ह्याच्या रस्त्यांवर खर्ची पडलेले असते. 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपुरास मालमोटारी बांधावयास आरंभ केला, तेव्हापासून या घराण्याच्या गाड्यांनी जी कीर्ती संपादन केली ती ही, की त्यांचे इंजिन म्हातारे होते, परंतु सहसा मरत नाही. ते उतरवून बोअर करून घेता येते, पाट्यांत नवी पाने घालता येतात, केबिनचे लाकूडकाम पुन्हा उभारता येते, आणि हे सर्व करण्यास लागणारे हात तालुक्याच्या गावीही मिळतात. परंतु ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर ज्या चार-पाच तबकड्या बसविलेल्या असतात, त्यांच्या जोपासनेस मात्र कोणाजवळ वेळही नसतो आणि पैसाही नसतो; त्यामुळे जुन्या गाडीत डोकावून पाहिले, तर इंजिन सुरळीत घुमत आहे आणि डिझेलचा काटा मात्र शून्यावर निश्चल पडून आहे, हे दृश्य हटकून दिसते.

काटा बंद पडला म्हणून गाडी थांबत नाही, हेच या उपेक्षेचे मूळ होय. ब्रेक गेला तर त्याच घटकेस खोळंबा होतो. काटा गेला तर ड्रायव्हर एक काठी पैदा करतो, टाकीचे झाकण उघडून ती आत बुडवितो, ओल कोठवर आली ते पाहतो, आणि पुढच्या मुक्कामापर्यंत निश्चिंत होतो. ही रीत कमीपणाची नव्हे. 1908 साली अमेरिकेत निघालेल्या फोर्डच्या प्रख्यात मॉडेल टी गाडीस इंधनाचा काटा मुळात नव्हताच; आसन उचलून टाकीत पट्टी बुडविणे हाच तेथील राजमान्य मार्ग होता. तथापि काठीला एक मोठी मर्यादा आहे, ती ही, की ती आठवणीने बुडवावी लागते. आणि गळिताच्या ऐन हंगामात, काट्यासमोरच्या रांगेत रात्र जागून काढलेल्या माणसाची आठवण हे काही भरवशाचे साधन नव्हे. (हा काटा वजनाचा, त्याच्यापुढे रांग लागते, म्हणून तो कधी नादुरुस्त राहत नाही.)

पेट्रोलची गाडी रिती झाली तर डब्यातून दोन लिटर ओतावे आणि पुढे जावे. डिझेलचे तसे नाही. टाकी आटली की पंपाच्या नळ्यांत हवा शिरते, आणि हवा दाबली जात असल्यामुळे, इंजेक्टरमधून डिझेल फवारण्यास जो प्रचंड दाब लागतो तो निर्माणच होत नाही. मग नवे डिझेल ओतूनही स्टार्टर नुसता फिरत राहतो, बॅटरी उतरते, आणि अखेर पाना घेऊन खाली उतरावे लागते. फिल्टरवरचा बोल्ट सैल करावा, हातपंप मारीत राहावे, फेस निघता निघता जेव्हा अखंड धार लागेल तेव्हा बोल्ट आवळावा, त्यानंतर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट सैल करून तोच विधी पुन्हा करावा, असे हे काम असते, आणि ड्रायव्हरमंडळी त्यास ‘एअर काढणे’ असे म्हणतात. दिवसाउजेडी, सपाटीवर, हत्यारे हाताशी असता ते फार वेळाचे नाही. उसाने लादलेली गाडी अंधारात अर्ध्या रस्त्यावर उभी असता मात्र तो जिवावरचा प्रसंग ठरू शकतो. शिवाय टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ, गंज आणि पाणी साचलेले असते. डिझेल तळाशी गेले की हा सर्व ऐवज ओढला जाऊन फिल्टर तुंबतो. 1951 साली स्थापन झालेल्या मायको कंपनीचे जे पंप या गाड्यांवर असतात, त्यांतील दट्ट्या आणि त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या सहस्रांश भागांत मोजावयाची असते, तेव्हा तेथवर गाळ पोहोचला तर काय अनर्थ होईल हे सांगणे नलगे.

आणखीही एक अनर्थ आहे. काटा बंद असला की डिझेल किती घातले आणि किती जळले याचा हिशोब केवळ जबानीवर येतो. मालकाच्या मनात चोरीचा संशय घर करतो, ड्रायव्हरच्या मनात त्या संशयाचा राग साचतो, आणि काही गाड्यांचे काटे वर्षानुवर्षे दुरुस्त का होत नाहीत याचे कारण वायरिंगमध्ये नसून, ते तसे राहणे कोणाच्या तरी सोयीचे असते यात शोधावे लागते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता तपासाकडे वळू. गॅरेजमध्ये गाडी नेली की प्रायः पहिल्याच वाक्यात निकाल लागतो: “शेठ, युनिट गेलंय, नवीन टाकू.” युनिट म्हणजे टाकीच्या माथ्यावर स्क्रूंनी बसविलेला तो भाग, की ज्याच्या खाली लोंबणाऱ्या दांडीच्या टोकास तरंगता फ्लोट असतो. हा निकाल कधीकधी खराही असतो, परंतु तो साक्षीपुरावा न घेता दिलेला असतो, आणि आमची मुख्य तक्रार हीच आहे. कचेरीत ज्याप्रमाणे ऐकीव जबानीची किंमत, ती कोणाकोणाच्या तोंडून आली हे पाहून ठरवावी लागते, त्याप्रमाणेच काट्याचे आहे. कारण काट्याने डिझेल पाहिलेले नसते. डिझेल पाहतो तो फ्लोट. तो वर-खाली होतो, तसा दांडीच्या वरच्या अंगास असलेला एक लहानसा पितळी स्पर्शक बारीक तारेच्या वेढ्यांवरून सरकतो. तार कमी-जास्त लांबीची होते, म्हणजेच विजेस होणारा विरोध बदलतो. आणि 1827 साली जर्मनीतील गेऑर्ग झिमोन ओम याने प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे, विरोध वाढला की प्रवाह घटतो. हा प्रवाह बॅटरीतून निघून, फ्यूजमधून, तबकडीतून, लांबलचक वायरीने मागे टाकीपर्यंत जाऊन, युनिटातून टाकीच्या पत्र्यात आणि पत्र्यातून चासीत उतरून बॅटरीस परत मिळतो. या वर्तुळातील कोणताही एक दुवा फितूर झाला तरी काटा तितक्याच ठामपणे खोटे सांगतो.

त्यातही काट्यांच्या दोन जाती आहेत, आणि आपल्या गाडीत कोणती आहे हे चावी फिरविताच कळते. काटा सावकाश, आळस दिल्यागत वर चढला, तर आत दोन भिन्न धातूंची जोडपट्टी आहे असे समजावे. तिच्याभोवतीची तार प्रवाहाने तापते, दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नसल्यामुळे पट्टी वाकते, आणि काटा ढकलला जातो. अशा काट्यास बॅटरीचा दाब कमी-जास्त होऊन चालत नाही, म्हणून त्याच्या आधी दाब स्थिर राखणारा एक लहान डबा बसविलेला असतो; इंजिनाच्या तपमानाचा काटाही बहुधा त्याच डब्यावर चालतो. म्हणून डिझेल आणि तपमान हे दोन्ही काटे एकाच दिवशी बिघडले, तर टाकीकडे जाण्याचे कारणच नाही. अपराधी तो डबा, त्याचे अर्थिंग किंवा फ्यूज. उलट चावी फिरविताक्षणी काटा टणकन उडाला, तर आत दोन चुंबकी वेटोळी आहेत. त्यांची ओढाताण परस्परांत चालते आणि बॅटरीचा दाब दोहोंवर सारखाच पडत असल्यामुळे त्यांना तसल्या डब्याची गरज पडत नाही.

तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. प्रथम फ्यूज काढून घासावा, तो डोळ्यांना धड दिसला तरीही. कारण जुन्या गाड्यांत फ्यूज जळण्यापेक्षा त्याच्या पकडी हिरव्या होण्याचे प्रकार अधिक. मग तबकडीच्या मागे वीज पोहोचते की नाही ते टेस्ट लॅम्पने पाहावे. ती पोहोचत असेल, तर टाकीवरील युनिटाची वायर सोडवावी, आणि तिचे टोक एका लहान दिव्यामधून क्षणभर चासीस लावावे. वायर सुटी असता काटा एका बाजूस आणि चासीस लावताच विरुद्ध बाजूकडे गेला, तर तबकडी, फ्यूज आणि वायर ही तिन्ही निर्दोष ठरली. न हलला, तर हाच प्रयोग तबकडीपाशी करावा. तेथे हलतो आणि टाकीपाशी हलत नाही असे दिसल्यास वायर मध्ये कोठे तरी तुटली आहे, आणि ती बहुधा चासीच्या कडेला घासून किंवा पूर्वीच्या कोणी मारलेल्या गाठीपाशीच तुटलेली सापडेल. मधला दिवा गाळू नये. तापणाऱ्या जातीच्या काट्यास पुरा प्रवाह फार वेळ दिला तर तो तेथेच जळतो, मग युनिट शाबूत असूनही काटा नवा घ्यावा लागतो. आणि मोठ्या ट्रकांत दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात, तेथे लहान गाडीचा 12 व्होल्टांचा काटा बसविला तर तीच गत होते. शिवाय वायरीच्या टोकाशी ठिणगी उडते, म्हणून टाकीचे झाकण उघडे असता हा प्रयोग करणे हा शुद्ध अविचार होय.

एवढे झाल्यावर संशय टाकीपाशी येतो, आणि येथेच घाई होते. युनिट काढण्यापूर्वी एक पदरमोड न करणारी परीक्षा आहे: युनिटाची वायर पुन्हा जागच्या जागी लावून, एका सुट्या वायरीने युनिटाचा पत्रा थेट चासीच्या घासून चकचकीत केलेल्या भागास जोडावा. काटा ताळ्यावर आला, तर दोष अर्थिंगचा. आमच्या समजुतीप्रमाणे जुन्या ट्रकांत हा दोष जितका आढळतो तितका दुसरा कोणताही नाही, आणि त्याचे कारण गाडीच्या रचनेतच आहे. टाकी चासीस वेल्डिंगने जोडलेली नसते. ती लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते, आणि पत्रा घासू नये म्हणून पट्ट्यांखाली रबर घातलेले असते. रबरातून वीज जात नाही. ती जाते एका लहानशा वायरीतून अथवा पट्टीच्या बोल्टातून. आणि शेवगावच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात या बोल्टांवर जो लेप चढवितो, त्याखाली गंज निर्वेध वाढत राहतो. मालकाने हौसेने टाकीस नवा रंग दिला असेल, तर तो रंगही विजेची वाट अडवितो. गाडी रंगवून आणली आणि काटा बंद पडला, या तक्रारीचा उलगडा हाच.

या दोषाची खरी गंमत, किंवा खरा धोका, पुढेच आहे. सर्व युनिटे एकाच मापाची नसतात. युरोपीय वळणाच्या एका प्रचलित मापात टाकी रिकामी असता विरोध 10 ओम आणि भरली असता 180 ओम असतो. अमेरिकन वळणाच्या दुसऱ्या मापात रिकामीस 240 आणि भरलेलीस 33, म्हणजे नेमके उलट. आता गंजामुळे अर्थिंगमध्ये 40 ओमांचा फाजील विरोध शिरला असे समजा. दुसऱ्या मापात काटा कमी डिझेल दाखवील, ड्रायव्हर लवकर पंपावर जाईल, आणि फार तर टाकी भरताना चकित होईल. पहिल्या मापात मात्र पावकी डिझेल शिल्लक असता काटा जवळपास निम्मी टाकी दाखवील, आणि गाडी बालमटाकळीच्या पुढे कोठे तरी माळावर उभी राहील. तोच गंज, तेवढाच विरोध, परंतु एक गाडी भित्री होते आणि दुसरी बढाईखोर. दुकानातून ‘बसतंय’ एवढ्याच निकषावर आणलेले युनिट काट्याच्या मापाशी जुळत नसले, तर टाकी भरल्यावर काटा खाली आणि रिकामी होताना वर, असा विपरीत प्रकार घडतो तोही यामुळेच. जुने युनिट नेऊन, दोन्ही टोकांना दांडी धरून, मीटरवर आकडे ताडून मगच नवे घ्यावे.

इतक्यावर भागले नाही तर युनिट उघडावे. बॅटरीची वायर प्रथम सोडवावी. डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेट घेत नाही हे खरे. परंतु भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनबिंदू किमान 35 अंश असला म्हणजे पुरे, आणि वैशाखात या भागात हवाच चाळीस अंशांपलीकडे जाते, उन्हात उभ्या असलेल्या टाकीचा पत्रा तर त्याहून कितीतरी तापतो. तेव्हा अशा टाकीच्या तोंडाशी बिडी ओढणाऱ्या क्लीनरास दूर घालविणे हे आधी, बाकीचे मागाहून. रिकाम्या टाकीस वेल्डिंग लावण्याची कल्पना तर कोणाच्या डोक्यात येऊही नये. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक घातक असते. युनिटाभोवतीची माती ओल्या फडक्याने टिपून काढावी, नाहीतर स्क्रू सुटताच ती आत पडते आणि आपण ज्या गाळास भीत होतो त्यात आपल्याच हातांनी भर पडते.

बाहेर काढलेल्या युनिटाची दांडी हाताने हळूहळू वर-खाली करावी आणि मीटरवरील आकडा पाहावा. तो सलग चढला-उतरला पाहिजे. मध्येच नाहीसा झाला, तर तेथे तार झिजली आहे. आणि ही झीज कोठे आहे त्यावरून गाडीच्या मालकाची सांपत्तिक स्थितीही ओळखता येते, असे म्हटले तर वावगे होऊ नये. ज्या गाडीची टाकी नेहमी भरली जाते तिची तार सर्वत्र सारखी झिजते. जी उधारीवर थोडेथोडे डिझेल घेत हंगाम काढते, तिचा स्पर्शक खालच्या पट्ट्यातच रात्रंदिवस घासत असतो, म्हणून तिचा काटा नेमका जेव्हा त्याची गरज असते तेव्हाच दगा देतो. तार धड असेल तर फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत खळखळ वाजले, तर तो कोठे तरी फुटला आहे, डिझेल पिऊन जड झाला आहे आणि तळाशी बसला आहे. काटा कायम शून्यावर राहण्याचे हे एक अगदी साधे कारण. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडविला की छिद्रातून बुडबुडे येतात. परंतु आत डिझेल असलेल्या फ्लोटास डाग लावण्याच्या फंदात न पडता नवा घ्यावा. त्याची किंमत ती काय!

काटा नुसता हेलकावे खात असेल, तर मात्र तपास आवरता घ्यावा. नगरहून येताना करंजीच्या घाटात चढणीला टाकीतले डिझेल मागे सरते, उतारास पुढे येते, आणि फ्लोट त्याच्याबरोबर जातो. हा दोष नव्हे. खरे माप सपाटीवर, गाडी थोडा वेळ उभी करून घ्यावे.

काठीच्या भक्तांना येथे दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. 23 जुलै 1983 रोजी कॅनडातील एअर कॅनडा कंपनीचे बोइंग 767 जातीचे विमान इंधनाचे काटे बंद असता उडाले. टाकीतील इंधन मोजपट्टीने मोजले होते आणि ते मोजमाप अचूकही होते. परंतु लिटरांचे वजन काढताना किलोग्रॅमऐवजी पौंडांचा गुणक वापरला गेला, आणि 22,300 किलोग्रॅम समजून विमानाने त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेतले. दोन्ही इंजिने आकाशात बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरविले आणि विमानातील 69 माणसे वाचली. काठी खरे बोलली, हिशोब चुकला. आपल्याकडेही हिशोब चुकतो, फक्त वेगळ्या ठिकाणी. टाकी आडव्या नळकांड्यासारखी गोल असेल, तर काठी निम्मी भिजली म्हणजे निम्मे डिझेल हे बरोबर. पण पाव भिजली म्हणजे पाव नव्हे. समजा टाकी 160 लिटरांची आहे: पाव उंचीवर तीत 40 नव्हे, सुमारे 31 लिटर असते, आणि उंचीच्या दहाव्या हिश्शावर 16 नव्हे, जेमतेम 8. जसजसे खाली जावे तसतशी काठी अधिकाधिक फसविते.

म्हणून दुरुस्ती झाल्यावर टाकी एकदा तळापर्यंत उपसून, गाळ धुऊन, पंपावर मापाने वीस-वीस लिटर भरत जावे. दर वेळी काठीवर चाकूने खूण करावी आणि काटा कोठे आला ते कागदावर टिपावे. काटा सर्वत्र सारख्याच अंतराने चुकत असेल, तर फ्लोटची दांडी थोडी वाकवून तो ताळ्यावर आणता येतो. मात्र टाकी रिती होऊनही फ्लोट तळास टेकणार नाही इतकी जागा खाली राखावी, कारण गाळात रुतलेला फ्लोट पुन्हा वर येत नाही. युनिटाचा पत्रा आणि चासी यांमध्ये दोन्ही टोकांस थिंबल लावलेली एक जाड वायर कायमची टाकून द्यावी, बोल्टांवर ग्रीस चोपडावे, आणि काट्याचा तो कागद मालकाने आपल्या खिशात न ठेवता केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या नजरेसमोर लावावा.